नळाचा दाब

शहरांतल्या माणसाचें पाण्याविषयींचें ज्ञान नळापाशीं सुरू होतें आणि नळापाशींच संपतें. नळ सोडला कीं पाणी यावें, एवढीच त्याची अपेक्षा. तें आलें नाहीं तर महानगरपालिकेला बोल लावावयाचा, आणि भरपूर आलें तर आपला हक्क समजून गप्प बसावयाचें, हा आपला नित्याचा व्यवहार आहे. पाणी फार जोरानें येतें ही तक्रार असूं शकते, असें वीस वर्षांपूर्वीं आंबिवलींत कोणी म्हटलें असतें तर ऐकणाऱ्यानें त्याच्याकडे कींव करून पाहिलें असतें. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडींत बसलें म्हणजे शहाडच्या पुढचें आणि टिटवाळ्याच्या अलीकडचें हें स्टेशन. एका अंगाला उल्हास, दुसऱ्या अंगाला काळू. दोन नद्यांच्या कुशींतल्या या गांवांत पाणी डोळ्यांना पुष्कळ दिसे, पण चाळीच्या नळाला तें करंगळीएवढ्या धारेनें येई, आणि तेंहि ठरलेल्या वेळीं. एक हंडा भरेपर्यंत दोन संसारांचीं सुखदुःखें बोलून होत. त्याच गांवांत आतां वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतल्याच एका एकवीस मजली इमारतींत, तिसऱ्या मजल्यावर, मी राहतों. आणि आमच्या सोसायटीच्या सभांतून गेल्या वर्षीं ज्या विषयावर सर्वांत अधिक आवाज चढले तो पाण्याची टंचाई हा नसून पाण्याचा दाब हा होता.

दाब हा शब्द आपण बोलण्यांत फार सैलपणें वापरतों. साहेबाचा दाब, सासूचा दाब, लोकमताचा दाब. हे सारे माणसामाणसाच्या मर्जीवर अवलंबून असतात. पाण्याच्या दाबाला मर्जी नाहीं. तो उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या पायथ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोचा भार टाकतो, मग तो स्तंभ बोटाएवढ्या नळींत असो कीं विहिरीएवढ्या हौदांत असो. पास्कल या फ्रेंच पंडिताचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 सालीं, प्रसिद्ध झाला. गच्चीवरची टांकी मोठी बांधली तर वरच्या मजल्यांना पाणी जोरानें येईल, अशी सूचना आमच्या सभेंत दोन पदवीधर गृहस्थांनीं केली, तेव्हां त्या ग्रंथाला साडेतीनशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं आहेत यावर माझा क्षणभर विश्वास बसेना.

गच्चीवरच्या टांकीपासून माझ्या घरच्या नळापर्यंत उभें अंतर सुमारें चौपन्न मीटर. प्लंबरच्या भाषेंत हे ‘साडेपांच किलो’ला किंचित् कमी. एकविसाव्या मजल्यावर टांकी डोक्याच्या तीन-चार मीटर वर. तेथें अर्धा किलोहि भरत नाहीं. ज्या मजल्यासाठीं बांधणाऱ्यानें चौरस फुटामागें अधिक पैसे मोजून घेतले तो पाण्याच्या हिशेबांत दरिद्री, आणि जो स्वस्तांत गेला तो सधन, असा हा उलटा न्याय आहे. वरच्यांना पाणी ढकलायला पंप लागतो आणि खालच्यांना तें आवरायला व्हॉल्व्ह लागतो.

जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यांत उल्हासला जें पाणी असतें त्यांतला कांहीं भाग मावळांतून येतो. ठोकरवाडीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून आणून कर्जतजवळ भिवपुरीच्या वीजकेंद्रांत सुमारें पांचशें मीटर खालीं सोडतात. 1922 पासून हा क्रम चालू आहे. एरवीं आंध्रा, इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशी वाट चालत तें बंगालच्या उपसागराला मिळालें असतें. तें वीज देऊन कोंकणांत उतरतें, उल्हासला मिळतें, मोहिलीच्या केंद्रांत गाळलें जातें आणि आमच्या इमारतीच्या तळच्या टांकींत येऊन पडतें. पन्नास किलोंच्या दाबानें यंत्रें फिरविणारें पाणी येथें पोंचेपर्यंत इतकें मवाळ झालेलें असतें कीं त्याला गच्चीवर चढवायला पुन्हां वीजच लागते.

असो. आपल्याला व्हॉल्व्हकडे वळावयाचें आहे. कारागीर त्याला ‘पीआरव्ही’ म्हणतात; दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या ओळींत तो चौथ्या मजल्यावरच्या डक्टमध्यें आहे, आणि तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतच्या पांच बिऱ्हाडांना मिळून तो एकच आहे. नारळाएवढें पितळेचें धूड. आंत एक रबरी पडदा. वरून एक स्प्रिंग त्या पडद्याला दाबते, ती पाण्याची वाट उघडावी म्हणून. खालून घरांकडे गेलेलें पाणी दाबतें, तें वाट मिटावी म्हणून. कोणी नळ सोडला कीं घरांकडचा दाब घटतो, स्प्रिंगची सरशी होते आणि पाणी येऊं लागतें. नळ बंद झाला कीं पाण्याची सरशी होते आणि रबराची चकती आपल्या पितळी बैठकीवर जाऊन बसते. माथ्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला कीं स्प्रिंग ताठ होते, घरांतला दाब वाढतो. सैल केला कीं उतरतो. आमचा स्क्रू इमारत झाली तेव्हां अडीच किलोवर ठेवलेला होता, आणि स्क्रू व त्याचा नट यांवरून लाल रंगाची एक रेघ ओढलेली होती, ती कोणी हात लावल्यास कळावें म्हणून.

या यंत्राचा एक स्वभाव लोकांच्या लवकर ध्यानांत येत नाहीं. तें फक्त कमी करूं शकतें. वरूनच दोन किलो येत असतील तर स्क्रू किती पिळला तरी अडीच होणार नाहींत. तरीहि पाणी मंद झालें कीं पहिला हात त्या स्क्रूकडे जातो. यांत नवल नाहीं. हातांत जी एकच किल्ली आहे तिनें सारीं कुलुपें उघडावींत असें माणसाला वाटतेंच. चाळींतून लोक पालिकेच्या नळाला मोटार लावतात, तोहि याच जातीचा उद्योग. त्या मोटारीनें पाणी निर्माण होत नाहीं. शेजारच्या घराच्या वाट्याचें ओढलें जातें, आणि नळाला फट असली तर भोंवतालच्या गटारांतलेंहि.

गेल्या श्रावणांत आमच्याकडे पाणी मंद झालें होतें. नळ बंद असतांना दाब पुरता अडीच, आणि दोन नळ एकदम सोडले कीं धार लुळी. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बंद नळाचा दाब निराळा आणि चालत्या नळाचा दाब निराळा. पहिला बरोबर असून दुसरा पडत असेल तर स्क्रूचा दोष नव्हे, वाटेंत कांहीं अडलें आहे असें समजावें. व्हॉल्व्हच्या तोंडाशीं एक बारीक जाळी असते. पावसाळ्यांत नदी तांबडी होते तेव्हां कितीहि गाळलें तरी थोडी माती टांक्यांत बसते, आणि टांकी तळाला गेली कीं ती जाळींत येते. सोसायटीनें वार्षिक करारावर ठेवलेल्या माणसाला बोलावलें, त्यानें जाळी धुतली, पाणी पूर्ववत् झालें. त्याचे आभारहि मानले गेले.

यानंतर मार्गशीर्षांत जें घडलें त्यावरून हा सारा प्रपंच.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढें, पण स्वतःचें सारें स्वतः करणाऱ्या. पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्या वॉशबेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. पाण्याच्या आवाजानें जागें होऊन त्या अंधारांत उठल्या, ओल्या लादीवर पाय घसरला आणि उजवें मनगट मोडलें. सहा आठवडे प्लॅस्टर. ज्या बाईनें पन्नास वर्षें दुसऱ्यांना वाढलें तिला शेजारणीच्या हातून वेणी घालून घ्यावी लागली; मनगटापेक्षां या गोष्टीचें दुःख त्यांना अधिक होतें.

पाइप जुना होता असें म्हणून विषय संपला असता. परंतु तो वर्षापूर्वींच नवा घातलेला होता. त्यांतच तळमजल्यावरच्या बिऱ्हाडानें सांगितलें कीं अलीकडे त्यांच्या फ्लशची टांकी रात्रींची शिट्टी घालते. मग दाब वाढला असला पाहिजे. दाब वाढला तर स्क्रू कोणीतरी फिरविला असला पाहिजे. आणि फिरविला तर कोणी? डक्टचें दार चौथ्या मजल्यावर ज्याच्या दारासमोर येतें त्या भाडेकरूनें. कारण त्यानेंच श्रावणांत सभेंत तक्रार केली होती, आणि त्याच्या हातांत पाना पाहिल्याचें एका गृहस्थांना आठवत होतें. पंचविशीचा मुलगा, नोकरीसाठीं घरापासून लांब आलेला, सकाळच्या गाडीनें जाणारा आणि रात्रीच्या गाडीनें येणारा. त्याची बाजू मांडायला इमारतींत कोणी नव्हतें. दोन दिवसांत सूचनाफलकावर नोटीस लागली. नांव नव्हतें, पण ‘चौथ्या मजल्यावरील रहिवासी’ असे शब्द होते आणि दंडाची रक्कम होती. घरमालकाला फोन गेला, तो निराळाच.

मी कल्याणच्या एका महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवितों. या विद्येला घरगुती व्यवहारांत कोणी विचारीत नाहीं. पण सेक्रेटरींना, नोटीस लावून झाल्यावर कां होईना, ‘एकदां सरांकडून पाहून घ्यावें’ असें वाटलें. मला व्हॉल्व्हचें पुस्तकापुरतेंच ज्ञान. म्हणून मीं माझ्या ओळखीच्या प्लंबरला बोलावलें. तो ओडिशांतल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. त्या जिल्ह्यांतल्या गांवांमधून पिढ्यान् पिढ्या प्लंबर निघाले आणि देशभर पांगले. मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या इमारतींच्या नळांवर त्या मुलखाचे हात फिरलेले आहेत. वीस वर्षांच्या मुक्कामानें त्याला आपलें मराठी झालें आहे, जरा त्याच्या पद्धतीचें.

सेक्रेटरींनीं त्याला डक्टपाशीं नेऊन आरोपच ऐकविला. त्यानें लाल रेघ पाहिली. ती जशीच्या तशी होती. सेक्रेटरी म्हणाले, “रंग काय, पुन्हां मारतां येतो.”

“येतो ना,” तो शांतपणें म्हणाला. “म्हणून रंगावर नाहीं बोलायचं. सर, स्क्रू फिरवला असेल तर प्रेशर दिवसापण जास्त दाखवेल, रात्रींपण जास्त दाखवेल. आधीं दिवसाचं बघूं.”

त्यानें माझ्या घरच्या वॉशिंग मशीनच्या नळाला एक गेज लावलें. कांटा अडीचवर. नळ सोडला, मिटला, पुन्हां अडीच. “आतां रात्रीं तुम्ही बघा,” असें म्हणून तो निघून गेला.

त्या रात्रीं मी वही घेऊन नळाजवळ बसलों. घरच्या मंडळींनीं याचा काय अर्थ लावला तें येथें सांगत नाहीं. दहा वाजतां अडीच होते. अकरानंतर घरोघर निजानीज झाली आणि कांटा हलूं लागला. बारा वाजतां तीन. एकला पावणेचार. एक वाजून दहा मिनिटांनीं कोणीतरी फ्लश ओढला असावा; कांटा खाडकन् अडीचवर आला आणि मुंगीच्या पावलांनीं पुन्हां चढूं लागला. चार वाजतां तो साडेपांचाच्या जवळ जाऊन थांबला. त्यापुढें जाणें त्याला शक्यच नव्हतें, कारण गच्चीपासूनची सारी उंची आतां माझ्या नळावर उभी होती.

सकाळीं फोनवर मीं आंकडे वाचून दाखविले. तो म्हणाला, “दोन गोष्टी असतात, सर. एक गीझर, नाहीं तर वॉशर.” गीझरचें कारण मला नवें होतें. पाणी तापलें कीं फुगतें. पंधरा लिटरांचें वीसवरून साठ अंशांवर नेलें तर जवळजवळ पाव लिटर अधिक जागा मागतें. पूर्वीं तें मागच्या मागें टांकीकडे सरकत असे. वाटेंत मिटलेला व्हॉल्व्ह असला म्हणजे त्याला परतीचा रस्ता नाहीं, आणि नळ बंद असले तर दाब चढतो. तेव्हां दुसऱ्या रात्रीं पांचहि घरांचे गीझर बंद ठेवावयाचे ठरलें. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला मीं स्वतः जाऊन सांगितलें. तो “हो सर” एवढेंच म्हणाला आणि माझ्यासमोर बटण बंद केलें. गीझर थंड होते. कांटा मात्र आदल्या रात्रीसारखाच चढला. तिसऱ्या रात्रीं अकरा वाजतां प्लंबरनें पीआरव्हीच्या वरचा साधा व्हॉल्व्ह मिटला, म्हणजे गच्चीचा संबंधच तोडला. त्या रात्रीं कांटा चढला नाहीं. कुठल्याशा ठिबकत्या नळामुळें असेल, उलट थोडा उतरला.

जॉन स्टुअर्ट मिल यानें 1843 सालीं आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथांत कारण शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांतली व्यतिरेकाची रीत मी गेलीं पंचवीस वर्षें फळ्यावर मांडीत आलों आहें. एक गोष्ट काढून घ्यावी, बाकी सारें तसेंच ठेवावें, आणि कार्य उरतें कीं जातें तें पाहावें. गीझर काढून घेतला, कार्य उरलें; वरचें पाणी काढून घेतलें, कार्य गेलें. माझे विद्यार्थी ही रीत परीक्षेपुरती पाठ करतात, आणि मला तिचीं उदाहरणें म्हणून दंव आणि पारा यांपलीकडे कांहीं सुचत नसे. या गृहस्थानें मिल वाचलेला नाहीं. परंतु त्यानें तीन रात्रींत जें केलें त्यांत मला एकहि पायरी गाळलेली दिसली नाहीं, आणि मुख्य म्हणजे कोणाचें नांव त्यानें एकदांहि विचारलें नाहीं.

रविवारीं व्हॉल्व्ह उघडला. सेक्रेटरी, मी, ते पाना पाहिलेले गृहस्थ आणि दोन पोरें असे आम्ही डक्टच्या दारांत उभे होतों. आधीं जाळी निघाली. श्रावणांत धुतल्यावर ती तिरपी बसविली गेली होती आणि कडेला नखाएवढी फट राहिली होती. मग चकती निघाली. तिच्या रबरावर केसाएवढी चीर, आणि चिरेंत रुतलेला वाळूचा एक कण. नळ चालू असतांना त्या चिरेचें कांहींच चालत नाहीं. मोठ्या प्रवाहांत तेवढी गळती कोण मोजतो? पण सारे नळ मिटले म्हणजे तिच्यांतून थेंबाथेंबानें गच्चीचा दाब घरांत उतरतो, आणि निजलेल्या घरांत त्याला खाली करणारें कोणी नसतें. म्हणून सारें बिघडत होतें तें रात्रीं. स्क्रू फिरविणाऱ्या माणसाला, तो कितीहि लबाड असला तरी, दिवसा अडीच आणि रात्रीं साडेपांच असा दाब ठेवतां आला नसता.

पाना पाहिलेले गृहस्थ म्हणाले, “तरी त्यानें एखादे वेळेस फिरवून परत आणला नसेल कशावरून?” हा प्रश्न अगदींच अडाणी नव्हे. एखादी गोष्ट कधींच घडली नाहीं असें सिद्ध करून देणें तर्कशास्त्राला बहुधा जमत नाहीं. त्याला एवढेंच विचारतां येतें, कीं जें घडलें तें समजावून द्यायला वाळूचा कण पुरेसा असतांना आणखी एक माणूस कशाला हवा? मीं तसें विचारलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, आणि त्यांना तें पटलें असेंहि मला वाटत नाहीं.

नवी चकती बसविली, नवी जाळी सरळ बसविली. आतां बंद नळाला कांटा पावणेतीनापर्यंत जातो आणि चालत्या नळाला अडीचवर असतो. एवढा फरक निरोगी व्हॉल्व्हलाहि असतो, त्यानें घाबरूं नये. पीआरव्हीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन कायमचीं गेजें बसवावींत, आणि दर पावसाळ्यानंतर एक रात्र कांटा पाहावा, असा ठराव सभेंत झाला. खर्चावर थोडी चर्चा झाली, कारण वरच्या मजल्यांचें म्हणणें असें कीं खालच्यांचा दाब हा खालच्यांचा प्रश्न आहे. शेवटीं तो मंजूर झाला.

जाळी तिरपी बसविणाऱ्या माणसाविषयीं कोणी कांहीं बोललें नाहीं. सूचनाफलकावरची नोटीस सोमवारीं नव्हती. तिच्या जागीं टांक्या धुण्याच्या तारखेची नोटीस होती. चौथ्या मजल्यावरच्या मुलाची माफी मागावी असें मीं सेक्रेटरींना सुचविलें. ते म्हणाले, “नोटीस काढली ना, सर, समजतं त्याला.” त्यानें मात्र मधल्या दिवसांत शहाडला जागा पाहून ठेवली होती आणि तिची अनामतहि भरली होती. महिनाअखेर तो सामान घेऊन खालीं उतरला, तेव्हां आजी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशीं वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनीं त्याच्या हातावर दही घातलें. डाव्या हातानें घालूं नये म्हणतात. पण उजवा अजून प्लॅस्टरमध्यें होता.